सात नंबरचा बिल्ला

भर रस्त्यात, बारा माणसांसमोर माझ्या काखेचा वास घेणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. तोही सकाळी साडेसहाला, रामशेजच्या पायथ्याशी. चष्मा काढून, डोळे मिटून, हिंग अस्सल आहे का बघतात तसा त्यांनी वास घेतला. मी त्रेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, विमा एजंट, कॉलनीच्या गणपती मंडळाचा माजी अध्यक्ष. आणि हात वर करून उभा.

"मोगरा," काका म्हणाले.

"मोगरा नाही हो, इम्पोर्टेड आहे. मेव्हण्यानं दुबईहून आणलंय."

"मधमाशीला इम्पोर्टेड कळत नाही. कड्याला आग्यामोहोळ आहे. त्या तुमच्या एकट्याच्या मागं लागल्या तर माझी हरकत नाही, पण त्या सगळ्यांच्या मागं लागतात. हापसा तिकडं आहे. दोन्ही बाजू साबण लावून धुवा आणि शर्ट बदला."

"दुसरा शर्ट नाही आणला."

"मग आज तुम्ही खाली."

शेवटी एका प्राथमिक शाळेच्या बाईंना माझी दया आली. त्यांच्या पिशवीत स्नेहसंमेलनाचा उरलेला एक टी-शर्ट होता. पुढं दोन चिमण्या आणि खाली 'आमची बालवाडी'. तो माझ्या पोटावर बेंबीच्या वर थांबला. त्या अवस्थेत मी काकांबरोबरचा माझा पहिला किल्ला चढलो. वाटेत दुसरीतल्या पोरांची सहल भेटली. त्यातली एक पोरगी मला बघून आपल्या बाईंना म्हणाली, "टीचर, हे काका कोणत्या शाळेत आहेत?"

आता मी डोंगरावर का गेलो, तेही सांगतो. डॉक्टरांनी साखर काठावर आल्याचं सांगितलं होतं, पण ते घरी सांगायचं कारण. खरं कारण माझा साडू. या माणसानं हरिहरच्या पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपला डीपी ठेवला. बायकोनं तो फोटो मोठा करून बघितला, मग माझ्याकडं बघितलं, आणि काहीही न बोलता भाजीला फोडणी दिली. त्या न बोलण्यापायी मी बूट, टोपी, गॉगल, सेल्फीची काठी आणि सतरा कप्प्यांची पाठपिशवी घेऊन काकांच्या रविवारच्या डोंगर-ग्रुपात दाखल झालो. बायको म्हणाली, "डोंगर चढायला चाललाय की मुंजीला?" मी म्हटलं, "बघशील डीपी."

तर काका. त्यांचं नाव काहीतरी होतंच, पण कोणी घेत नसे. तेही कोणाचं घेत नसत. ते सगळ्यांना नंबरानं हाक मारायचे. मी सात नंबर. चिमण्यांचा टी-शर्ट देणाऱ्या बाई चार नंबर. स्वतः काका एक नंबर.

हे नंबर त्यांच्या नोकरीतून आले होते. ओझरच्या बाजूला विमानांच्या कारखान्यात ते पस्तीस वर्षं हत्यारांच्या खोलीत होते. तिथं रीत अशी, की कामगारानं पाना नेला तर त्याच्या जागी खिळ्यावर आपला पितळी बिल्ला लावायचा, आणि पाना परत आणला की बिल्ला काढून घ्यायचा. पाळी संपताना एकही बिल्ला खिळ्यावर राहिला तर कोणी घरी जायचं नाही. विमानाच्या पोटात एक स्क्रू ड्रायव्हर राहिला तरी काय होऊ शकतं, हे ते आम्हाला पिठलं-भाकरी खाताना इतक्या बारकाईनं सांगायचे, की मी अजून विमानात बसलो की पायाखाली कान देतो.

निवृत्त झाल्यावर काकांनी ती रीत तशीच उचलून डोंगरावर आणली. प्लायवूडची एक करडी पाटी, तिच्यावर वीस खिळे, प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या रंगात आकडा. दर रविवारी ती पाटी गाडीत घालून पायथ्याच्या गावात न्यायची, शेवटच्या घराच्या मालकाला विचारून भिंतीला टांगायची, आणि वर जाण्याआधी प्रत्येकानं आपापला बिल्ला आपल्या हातानं खिळ्यावर अडकवायचा. खाली आल्यावर तो आपल्या हातानं काढायचा. दुसऱ्यानं काढायचा नाही, दुसऱ्याचा तर अजिबात नाही. पाटी रिकामी झाल्याशिवाय गाडी हलायची नाही.

"माथ्यावर पोचलो म्हणजे काम झालं नाही," ते म्हणायचे. "बिल्ला खिळ्यावरून निघाला की काम झालं."

मला हे सगळं महिनाभर फार विनोदी वाटत होतं. घरी मी त्यांची नक्कल करून दाखवायचो. मुलं खुश. बायको मात्र एकदा म्हणाली, "माणूस शहाणा दिसतोय. तुमच्यासारख्यांना त्यानं कसं घेतलं?"

पिशव्यांची तपासणी तर बघण्यासारखी. मोठी बहीण भावाची बॅग उपसते तशी ते प्रत्येकाची पिशवी सतरंजीवर ओतायचे. पाणी चार लिटर आहे का? लिंबू, मीठ, साखर? पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट? शिट्टी? मग बाद करायच्या वस्तू. माझ्या पिशवीतून पहिल्या दिवशी गाणी वाजवायचा स्पीकर निघाला, कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी निघाली, आणि कुरकुऱ्यांची अकरा पाकिटं.

"स्पीकर कशाला?"

"वर जरा वातावरण..."

"वर वातावरणच असतं," काका म्हणाले आणि स्पीकर गाडीत ठेवला.

कुरकुरे त्यांनी माझ्यासमोर डब्यात ओतले आणि रिकामी पाकिटं पायथ्याशीच ठेवून घेतली. त्यांचा नियमच होता: वर जे गेलं ते खाली आलं पाहिजे, संत्र्याच्या सालीसकट. एकदा मी साल झुडपात टाकली आणि वर अक्कल पाजळली, "काका, नैसर्गिक आहे, कुजून जाईल." त्यांनी शांतपणे विचारलं, "इथं संत्र्याचं झाड कुठं आहे, दाखवा." मी चारीकडं बघितलं. करवंद होतं, निवडुंग होतं. मग मी गुडघ्यावर बसून झुडपात हात घातला आणि दोन काटे टोचून घेऊन साल परत आणली.

दगडावरच्या रंगाची एक गोष्ट आहे, ती सांगायची माझी इच्छा नाही, पण सांगतो. आमच्याच भागातल्या एका किल्ल्यावर, दरवाज्याजवळच्या कातळावर लोकांनी ऑइलपेंटनं नावं रंगवली होती. काकांनी सगळ्यांना नारळाचा काथ्या आणि पाणी दिलं. तारेचा ब्रश नाही, दगडाला ओरखडे जातात. आम्ही घासायला बसलो. माझ्या वाट्याला जो दगड आला त्यावर एक अक्षर, एक बदाम, बाण, आणि दुसरं अक्षर. पहिलं अक्षर माझं होतं. दुसरं माझ्या बायकोचं नव्हतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघं तिथं गेलो होतो आणि सोबत आलेल्या माझ्या मित्रानं रंगाचा डबा धरला होता.

मी असा काही घासत सुटलो की हाताला फोड आले. काका मागं येऊन उभे राहिले. दगडाकडं बघितलं, माझ्या कानांकडं बघितलं. कान लाल झाले असणार.

"सात नंबर फार मन लावून घासतायत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. आणि पुढच्या दगडाकडं गेले. चार नंबरच्या बाई मात्र गाडीत बसेपर्यंत हसत होत्या.

आणि अकराचा नियम. डोंगर कोणताही असो, माणसं कोणतीही असोत, सकाळी अकरा वाजता जिथं असू तिथून मागं फिरायचं. माथा समोर दिसत असला तरी. आपल्याकडचं ऊन, त्यात काळा कातळ. बारानंतर तो तव्यासारखा तापतो, सावली नसते, पाणी संपतं. "आणि पाणी संपलं की डोकं संपतं," काका म्हणायचे. "मग माणूस नको तिथं पाय ठेवतो." त्यांच्या मनगटावर जुनं चावीचं घड्याळ होतं. अकरा वाजले की ते मुलीला हाक मारावी तशा मऊ आवाजात म्हणायचे, "चला, वाजले."

या अकरापायी स्वतः काकांचं एक मोठं दुःख होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नाशिक जिल्ह्यातला एकूण एक डोंगर त्यांनी चढला होता, फक्त साल्हेरचा माथा राहिला होता. राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, तोच नेमका. तीनदा गेले, तीनदा परत आले. पहिल्यांदा कोणाला तरी उलट्या झाल्या. दुसऱ्यांदा गाडी सटाण्याजवळ बंद पडली, चढायला उशीर झाला, वाटेतच अकरा वाजले. तिसऱ्यांदा एका बाईंचा पाय मुरगळला. दर वेळी काका त्या माणसाबरोबर खाली आले. बाकीचे म्हणायचे, तुम्ही जा हो, आम्ही आणतो यांना. ते ऐकायचे नाहीत.

त्यांचा एक गुडघा कुरकुरायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जपून वापरा, फार दिवस नाहीत त्याच्याकडं. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, डिसेंबरात साल्हेर. शेवटचा. सगळ्यांना सांगून ठेवलं. एरवी कोणाकडं काही न मागणारा माणूस, पण एकदा परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वर परशुरामाचं देऊळ आहे म्हणतात. एकदा टेकायचंय डोकं."

आणि नोव्हेंबरात मी अहिवंतला जो पराक्रम केला, तो आता ऐका.

अहिवंत हा वणीच्या पलीकडचा पसरट किल्ला. आम्ही दरेगावाकडून चढलो. गाडी पंक्चर झाल्यानं निघायलाच आठ वाजले. पाटी एका मावशींच्या ओसरीला टांगली, तेरा बिल्ले लावले. त्या दिवशी काकांनी मला बढती दिली. "आज सात नंबर शेवटी," ते म्हणाले. रांगेत शेवटी चालणारा माणूस म्हणजे जबाबदारीचं काम. त्याच्या मागं कोणी राहायचं नाही. मी छाती अशी काही फुगवली की बॅगेचा पट्टा सुटला.

वर पठारावर पोचलो आणि अकरा वाजले. सगळ्यात उंच टेकाड समोर, अर्ध्या तासावर. तिथून सप्तशृंगीचा डोंगर कसा दिसत असेल, माझ्या डोळ्यांसमोर फोटोच आला. मागं गड, पुढं मी, गॉगल. साडूचा हरिहर गेला खड्ड्यात.

"चला, वाजले," काका म्हणाले.

"काका, अर्धाच तास! एवढं आलोय तर..."

"वाजले, सात नंबर."

सगळे वळले. एकामागून एक घळीत उतरायला लागले. मी शेवटी. माझ्या मागं कोणी नाही, मला बघणारंही कोणी नाही. मी बुटाची लेस बांधायला वाकलो, आणि उठलो तो उलट्या दिशेनं पळत सुटलो. माणसाला त्रेचाळिसाव्या वर्षी एवढं जोरात पळता येतं हे मला माहीत नव्हतं.

टेकाडावर पोचलो. फोटो काढले. गॉगल घालून, काढून, हात पसरून. मध्येच खालून शिट्टी ऐकू आली. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. तीन शिट्ट्या म्हणजे 'कोण कुठं आहे, उत्तर द्या'. माझी शिट्टी गळ्यात होती.

ऐकली मी ती. खोटं कशाला बोलू? नंतर सगळ्यांना सांगितलं की वारा होता, काही ऐकू आलं नाही. पण मी ऐकली, आणि मनात म्हटलं, बोलणी तर खायचीच आहेत, अजून दोन फोटो काढू. मग मोबाइल बंद पडला. आणि मग त्या बोलण्यांचीच भीती वाटायला लागली. आलो त्या घळीकडं न जाता मी दुसऱ्या बाजूची वाट धरली. वाट चुकलो, असं मी म्हणत आलो. वाट नव्हती चुकली. मी तोंड चुकवत होतो.

तासाभरात पलीकडं अहिवंतवाडीला उतरलो. टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेली पिकअप मिळाली, वणीला सोडलं, तिथून एसटी. पिकअपवाल्याचा फोन मागता आला असता. पण मला एकही नंबर पाठ नव्हता, आणि खरं सांगायचं तर पाठ असता तरी मी म्हटलंच असतं, समजेल त्यांना. चार वाजता घरी पोचलो. फोन चार्जिंगला लावला, गरम पाण्यानं अंघोळ केली, आणि अंगाला दुबईचं सेंट मारून डीपी बदलला. खाली लिहिलं: 'शिखर सर!' साडूनं पाच मिनिटांत अंगठा पाठवला. काय तो आनंद!

तेवढ्यात फोन वाजला. चार नंबरच्या बाई.

"तुम्ही घरी आहात?"

"हो, मी थोडा वेगळ्या वाटेनं..."

"मी रेंज शोधत गावाबाहेरच्या टेकडीवर आलेय. पोलिसांना फोन करायला. तेवढ्यात तुमचा फोटो दिसला." "काका वर आहेत. तुम्हाला शोधायला. दुसऱ्यांदा गेलेत."

मी काहीतरी बोललो असेन. काय ते आठवत नाही. पोरांसाठी घरात पोहे भिजवले होते, ते तसेच राहिले. बायकोनं गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि फक्त एवढंच म्हणाली, "जा. आणि शर्ट बदलत बसू नका."

पन्नासेक किलोमीटर मी मोटरसायकलवर कसा गेलो, देव जाणे. दरेगावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ओसरीवर अकरा माणसं बसली होती. कोणी माझ्याकडं बघितलं नाही. ज्यांच्या मुलीचा वाढदिवस होता तेही तिथंच होते, ज्यांना दुसऱ्या पाळीला जायचं होतं तेही तिथंच. पाटी रिकामी नव्हती, म्हणून कोणी गेलं नव्हतं.

गावातल्या दोघांनी काकांना खाली आणलं होतं. पहिल्यांदा सगळ्यांबरोबर शोधलं. नंतर सगळ्यांना खाली सोडून, एका गावकऱ्याला घेऊन ते भर उन्हात पुन्हा वर गेले. उतरताना मुरमावर पाय घसरला आणि गुडघा आत वळला. ते खाटेवर पडले होते. गुडघा टरबुजासारखा सुजलेला.

मावशींनी मला बघितलं आणि कमरेवर हात ठेवला. "तूच का तो? आरं, दुपारधरनं म्हातारा तुझं नाव घेत नाय, नुस्ता 'सात, सात' करतोय. मला वाटलं सात मान्सं हरवली! घरी जाऊन आंघूळ करून आला, तो वास तरी बघा याचा! लाज नाय वाटत?"

मला खरंच मोगऱ्याचा वास येत होता.

काकांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, कुठं मोडलंबिडलं आहे का बघावं तसं. आणि नेहमी सगळ्यांना 'अहो' म्हणणारा तो माणूस म्हणाला, "बिल्ला काढ."

पाटीवर एकच बिल्ला होता. तो काढताना दोनदा खिळ्यालाच अडकला. तो निघाला आणि काकांनी डोळे मिटले. मग ते म्हणाले, "आता दवाखान्यात न्या."

साल्हेर गेलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी रोज दवाखान्यात जायचो, कधी शहाळं घेऊन, कधी नुसताच. तिथं ग्रुपची बैठक भरली, कॉटभोवतीच. सगळ्यांचं म्हणणं एकच, याला काढा. मलाही ते पटत होतं. मी दाराशी उभा राहून मान डोलावत होतो.

"काढला तर हा एकटा जाईल डोंगरावर," काका म्हणाले. "हा एकटा गेला तर मरेल. आणि मोजायला आपण नसू." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "एक वर्ष तू वर जायचं नाही. दर रविवारी यायचं. पाटीपाशी बसायचं. शेवटचा बिल्ला निघेपर्यंत."

"काका, मला माफ..."

"सकाळी साडेपाचला गाडी निघते."

अशी माझी डोंगर चढण्याची कारकीर्द पायथ्याशी स्थिरावली. वर्षभर मी नाशिक जिल्ह्यातल्या ओसऱ्या पाहिल्या. कोणत्या गावातलं कुत्रं चावतं आणि कोणतं नुसतं भुंकतं, हे मला तोंडपाठ झालं. साखर काठावरून खाली आली नाही, कारण प्रत्येक ओसरीवर चहा मिळतो. नव्या माणसांचा वास घ्यायचं कामही माझ्याकडं आलं. मी चष्मा काढून, डोळे मिटून घेतो. एका बँकेच्या मॅनेजरला मी हापशावर पाठवलं, तेव्हा मला जो आनंद झाला तो चांगल्या माणसाचा नव्हता.

पण पाटीसमोर बसणं सोपं नाही. सकाळी काही वाटत नाही. दुपारचा एक वाजला की खिळ्यांवरचे बिल्ले आपल्याकडं बघायला लागतात. बारा नंबरला दम्याचा त्रास आहे, हे आठवतं. चार नंबरच्या बाईंची मुलगी दहावीला आहे, हे आठवतं. डोंगराकडं बघून मानेला रग लागते. मग वरून लांबलचक एक शिट्टी येते, 'उतरतोय', आणि मी चहा सांगायला उठतो. पहिल्या दोन-तीन रविवारी मी ओसरीमागं जाऊन रडून आलो. मी जे अकरा माणसांना दिलं होतं, ते मला एकेका रविवारी हप्त्यानं मिळत होतं.

वर्ष सरलं. काका काठी घेऊन चालायला लागले, मग काठी सोडून. डॉक्टरांच्या डोक्यावर बसून त्यांनी परवानगी मिळवली: सावकाश, सोबतीनं, एकदाच. पुन्हा डिसेंबर, साल्हेर.

आदल्या संध्याकाळी आम्ही साल्हेरवाडीला मुक्कामाला गेलो. सकाळी उजाडताच काकांनी एक नंबरचा बिल्ला खिळ्यावर लावला, दोनदा हलवून बघितला. "दोन वाजता खाली," ते मला म्हणाले. मी म्हटलं, "सावकाश या हो काका. माथा करूनच या. मी आहे इथं." मला माझ्यापेक्षा त्यांचा माथा हवा होता. आयुष्यात कोणत्या पॉलिसीसाठी केला नाही एवढा नवस मी त्या परशुरामाला केला.

एक वाजला. दोन वाजले. डोंगर नुसताच उभा. अडीच झाले. मी अंगणात फेऱ्या मारत होतो. ज्यांच्या घरी पाटी लावली होती ते बाबा विडी ओढत म्हणाले, "येतीन ना भाऊ, इतला काय घाबरस!" मला त्यांचा राग आला. पावणेतीनला मी बूट घालायला लागलो, आणि तेवढ्यात ती लांब शिट्टी आली. मी बांधलेली लेस पुन्हा सोडली.

काका सगळ्यात शेवटी आले. दोन्ही बाजूंनी दोघं, पण हात कोणाच्या खांद्यावर नाही. धुळीनं माखलेले. मी चार नंबरच्या बाईंना बाजूला ओढलं. "टेकलं ना डोकं? झालं ना?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"का? कोण आजारी पडलं? कोणी मोडता घातला?"

"कोणी नाही. गुडघ्यामुळं हळू चढत होतो. वर तळ्यापाशी पोचलो तेव्हा अकरा वाजले. देऊळ समोर दिसत होतं हो, कळस दिसत होता. आम्ही सगळ्यांनी हातापाया पडून सांगितलं, काका, आज जा, आज अकराचं सोडा." बाईंनी बाहीनं डोळे टिपले. "तर म्हणाले, खाली सात नंबर बसलाय. त्याला दोनची वेळ सांगितलीय. आपण वर राहिलो की खाली त्याचं काय होत असेल, ठाऊक आहे मला."

मी तिथंच, अंगणात, सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडायला लागलो. ओसरीमागं जायचंही भान राहिलं नाही. च्यायला, मी दोन फोटोंसाठी त्या माणसाची शिट्टी ऐकून न ऐकल्यासारखी केली होती. आणि हा माणूस समोरचं देऊळ सोडून आला होता, कोणासाठी तर माझ्यासाठी.

काकांनी एक नंबरचा बिल्ला काढला आणि खिशात टाकला. घड्याळ बघितलं. "तासभर उशीर झाला. चुकलंच. उतरताना गुडघा ऐकत नव्हता." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "अरे, रडतोस काय? चहा सांग. पुढच्या वर्षी अजून लवकर निघू. आणि तुझं वर्ष झालं. पुढच्या रविवारी वर चल."

मी नाक पुसलं. म्हटलं, "मी इथंच बसतो, काका."

"मर्जी तुझी," ते म्हणाले आणि खाटेवर पाय लांब केले.

त्या संध्याकाळी निघण्यापूर्वी मी भिंतीवरच्या पाटीचा एक फोटो काढला आणि डीपी ठेवला. साडूनं लगेच विचारलं, हे काय आहे? त्याला काही कळवलं नाही. घरी आल्यावर बायकोनं तो फोटो मोठा करून बघितला.

"नुसते खिळे? काहीच नाही यात."

"हो," मी म्हटलं. "सगळे खाली आले."